प्रभूची वाट पाहावी कशी: वऱ्हाडातील खेड्यांत राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी

ज्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी प्रेषितांचा विश्वासांगीकार हे श्रद्धेचे जुने निवेदन म्हटले जाते तेथे ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास पुन्हा येणार आहे हे वाक्य लहान मुलांनाही तोंडपाठ असते, आणि तरीही सोमवारी सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन वावरात निघालेल्या माणसाने त्या वाक्याचे नेमके काय करावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. गेली अनेक वर्षे रविवारच्या शाळेत शिकवताना आणि पाच एकर कोरडवाहू शेती सांभाळताना मला असे दिसून आले आहे की आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती माणूस एक तर ही आशा वर्षानुवर्षे विसरून राहतो, किंवा कोणीतरी मोबाइलवर पाठवलेली तारीख वाचून आठ दिवस घाबरतो आणि नवव्या दिवशी पुन्हा विसरतो. माझ्या मते विसरणे हा यांतला मोठा रोग आहे, कारण घाबरणे निदान चारचौघांना दिसते आणि कोणीतरी समजूत घालायला येते. हा विसर घालवण्यासाठी जे करता येते ते पुढे लिहिले आहे, आणि त्यातले काहीही करण्यासाठी रोजमजुरी बुडवावी लागत नाही.

आधी कोणाची वाट पाहतो ते ठरवावे

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात येशू वर घेतला गेल्यावर शिष्य आकाशाकडे टक लावून उभे राहतात, तेव्हा शुभ्र वस्त्रे घातलेले दोन पुरुष त्यांना विचारतात की असे आकाशाकडे पाहत का उभे आहात, आणि तो जसा गेला तसाच परत येईल असे सांगतात. त्यानंतर शिष्य यरुशलेमेस परत जातात, माडीवरच्या खोलीत प्रार्थना करीत राहतात आणि यहूदाच्या रिकाम्या झालेल्या जागी मत्थियाची निवड करतात. पुनरागमनाची बातमी ऐकल्यावर या लोकांनी पूर्ण केलेले पहिले काम मंडळीच्या कारभाराचे होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आपण मराठीत माणसाची 'वाट पाहतो', म्हणजे तो ज्या रस्त्याने येणार तो रस्ता डोळ्यांपुढे ठेवतो. नव्या करारात पुनरागमनासाठी वारंवार आलेला 'पारूसिया' हा ग्रीक शब्द त्या काळी राजाच्या किंवा मोठ्या अधिकाऱ्याच्या नगरभेटीसाठीही वापरला जात असे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात विश्वासणारे प्रभूला 'सामोरे' जातील असे पौल म्हणतो, तेथे 'अपांतेसिस' हा शब्द आहे. तोच शब्द मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात वराला सामोरे जाणाऱ्या दहा कुमारींसाठी येतो, आणि पौल रोमला पोहोचत असताना तेथील बंधुजन अप्पियाच्या बाजारपेठेपर्यंत चालत आले त्या प्रसंगीही येतो. आपल्याकडील माणसाला हे समजावून सांगण्यासाठी मी सीमांतपूजनाचे उदाहरण देतो. जुन्या लग्नांत वरपक्ष गावाच्या शिवेवर येऊन थांबत असे, मुलीकडची मंडळी वाजंत्री घेऊन सामोरी जात आणि पाहुण्यांना मानाने गावात आणीत. सगळेच अभ्यासक पौलाच्या त्या एका शब्दातून इतका अर्थ काढत नाहीत, हे खरे आहे. तरीही शिवेवर पळून जाण्यासाठी उभा राहिलेला माणूस आणि पाहुण्याला घरी आणण्यासाठी उभा राहिलेला माणूस लांबून सारखेच दिसतात, पण दुसऱ्याने निघण्यापूर्वी घर झाडून ठेवलेले असते, एवढा फरक विद्यार्थ्यांच्या ध्यानात आला की मला पुरते.

येथे एक सूचना करणे भाग आहे. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील हजार वर्षे अक्षरशः घ्यावीत की नाही, आणि संकटाच्या काळाआधी मंडळी उचलली जाईल की नाही, यांवर मंडळ्यांत मतभेद आहेत. यांतील दुसरी शिकवण आज ज्या रूपात ऐकू येते ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील उपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून पसरली, तर कॅथलिक आणि बऱ्याच जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या ती शिकवत नाहीत. एकाच गावात दोन पंथांची घरे असतात आणि त्यांच्यात सोयरिकी होतात. म्हणून हा वाद पारावर किंवा लग्नाच्या मांडवात काढू नये.

वाचन आणि एक ओळीची प्रार्थना

ज्याने या विषयावर स्वतः कधीच वाचलेले नाही त्याने दानीएलापासून किंवा प्रकटीकरणाच्या मधल्या अध्यायांपासून आरंभ करू नये. शिंगे, पशू आणि शिक्के यांत तो अडकतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र हे नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनांपैकी एक असून त्याचे पाचच अध्याय आहेत, आणि प्रत्येक अध्यायाच्या शेवटी किंवा शेवटाजवळ प्रभूच्या येण्याचा उल्लेख आहे. रोज एक याप्रमाणे पाच दिवसांत ते संपते. दुसऱ्या आठवड्यात मत्तयाचा चोविसावा व पंचविसावा अध्याय थोडा थोडा वाचावा, तिसऱ्या आठवड्यात याकोबाच्या पत्राचा पाचवा, पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा आणि तीताला लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय घ्यावा, आणि चौथ्या आठवड्यात प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय घरातील सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी घरातील शाळकरी मुलाने वाचावे. म्हाताऱ्या माणसाला नातवाच्या तोंडून ऐकलेले वचन अधिक लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

प्रार्थनेसाठी फार शब्द लागत नाहीत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौलाने 'मारानाथा' हा अरामी शब्द तसाच ठेवला आहे. तो 'माराना था' असा तोडला तर 'आमच्या प्रभू, ये' असा अर्थ होतो आणि 'मारान आथा' असा तोडला तर 'आमचा प्रभू आला आहे' असा होतो. ग्रीक बोलणाऱ्या मंडळीत अरामी शब्द टिकून राहिला, यावरून तो पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या तोंडी किती रुळलेला होता हे कळते. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी, गोठ्यात गुरे बांधून झाल्यावर, घरातील सर्वांनी मिळून 'ये, प्रभू येशू' एवढेच म्हटले तरी त्या दिवसाची वाट पाहणे झाले. प्रभूच्या प्रार्थनेतील 'तुझे राज्य येवो' ही विनंतीही याच आशेची आहे. ती म्हणताना क्षणभर थांबावे, कारण आपण ती फार वेगाने म्हणतो.

कापूस वेचून आलेली बाई संध्याकाळच्या प्रार्थनेत पेंगली तर तिला टोकू नये. दहा कुमारींच्या दृष्टान्तात वराला उशीर लागल्यावर त्या सगळ्याच झोपल्या, शहाण्याही आणि मूर्खही, आणि येशूने झोपेबद्दल कोणालाच दोष दिलेला नाही. दोष होता तो दिवसा बाजार उघडा असताना तेल न घेतल्याचा.

शेतकऱ्याचा धीर, आणि त्याआधीची वचने

याकोबाच्या पाचव्या अध्यायातील सातवे वचन आपल्या भागातील प्रत्येक उपदेशकाला प्रिय आहे: शेतकरी भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, आणि पहिला व शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. ते नीट समजण्यासाठी तेथील हंगाम ध्यानात घ्यावा लागतो. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो आणि त्यावर पेरणी होते. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलमध्ये पडून दाणा भरतो, आणि मग जव व गहू कापणीला येतात. आपले वर्ष उलटे आहे. आपली पेरणी मृगाच्या पावसावर जूनमध्ये होते, आणि हस्ताचा पाऊस झाला तर हरभऱ्याला ओल मिळते. महिने वेगळे असले तरी दोन पावसांच्या मधला काळ दोन्हीकडे एकाच प्रकारे काढावा लागतो. बी मातीत गेलेले असते, ते परत काढता येत नाही, पाऊस आपल्या हातात नसतो, आणि तरीही डवरणी, निंदण आणि फवारणी यांमुळे कास्तकाराला बसायला सवड मिळत नाही. याकोबाने धीराच्या उदाहरणासाठी शेतकरी निवडला तो यामुळेच, असे मला वाटते.

परंतु हे वचन सांगणारे उपदेशक त्याच्या तीनच वचने आधीचे वचन बहुधा सोडून देतात. चौथ्या वचनात याकोब धनवानांना म्हणतो की तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी गेले आहे. म्हणजे मालकाला मजुरीचा हिशेब विचारल्यावरच प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा असे सांगितले आहे. म्हणून ज्याच्याकडे वेचणीला बाया येतात त्याने पुनरागमनाची तयारी तराजूपासून सुरू करावी. किलोमागे ठरलेला दर वेचणी सुरू होण्याआधीच सांगावा, काटा सर्वांसमोर लावावा, ओल्या कापसाच्या नावाखाली वजन मनाला येईल तसे कापू नये, आणि बाजाराच्या दिवशी मजुरी चुकती करावी. व्यापाऱ्याने आपले चुकारे थकवले म्हणून आपण मजुरांचे थकवणे हे सर्रास चालते, आणि मीही एका वर्षी ते केले आहे. त्या वर्षी मी नाताळचा संदेश दिला होता, याची मला आजही लाज वाटते.

मालक यायला उशीर लागेल असे मनात म्हणून सोबतच्या चाकरांना मारू लागलेल्या दासाचा दृष्टान्त लूकाच्या बाराव्या अध्यायात आहे. तो वाचून घरातल्या आणि शिवारातल्या थकलेल्या हिशेबांची यादी करावी: भावाशी धुऱ्यावरून चाललेले भांडण, शेजाऱ्याकडून नेऊन परत न केलेला पंप, हातउसने पैसे, सुनेला बोललेला शब्द. यादी लिहून ठेवली तर ती लहान होत गेलेली दिसते, आणि न लिहिता मनात ठेवली तर ती विसरली जाते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या गोष्टी भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट अशा साध्या आहेत. यांतील बहुतेक गोष्टी खेड्यात पाचशे पावलांच्या आत करता येतात: एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे रेशन आणून देणे, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या मुलांना जेवू घालणे, जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती असलेल्या माणसाजवळ एक रात्र बसणे.

तारीख सांगणाऱ्यांचे काय करावे

मृगाआधी कोरड्या मातीत बी टाकण्याला आपण धूळपेरणी म्हणतो. ढग दिसले, शेजाऱ्याने तिफण बाहेर काढली, आणि आपल्यालाही राहवले नाही, असे तिचे कारण असते. मग पावसाने दडी मारली की दुबार पेरणी पदरात पडते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि दरवर्षी कोणीतरी पेरतोच. पुनरागमनाची तारीख मांडणारे हे अशी धूळपेरणी करतात, फक्त त्यात बियाणे दुसऱ्याचे असते.

अमेरिकेतील विल्यम मिलर हे स्वतः शेतकरी होते. दानीएलाच्या आठव्या अध्यायातील २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे, असे धरून त्यांनी प्रभू १८४३ च्या सुमारास येईल असे गणित मांडले, आणि ते चुकल्यावर त्यांच्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. त्या शरद ऋतूत काही अनुयायांनी शेतातले उभे पीक काढले नाही. तो दिवस आला आणि गेला, व इतिहासात त्याला 'महान निराशा' हे नाव पडले. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी रेडिओवरील उपदेशक हॅरॉल्ड कँपिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली आणि तिचे मोठमोठे फलक लागले. तोही दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. आमच्या नात्यातील एका कुटुंबाने एका फिरत्या उपदेशकाच्या सांगण्यावरून हरभऱ्याचे राखलेले बियाणे दळून खाल्ले होते. पुढे ते लाजेने उपासनेला येईनासे झाले, आणि त्यांना टोमणे मारणाऱ्या आम्हा मंडळीवाल्यांचाही त्यात काही वाटा होता.

मोबाइलवर असा संदेश आला की थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र उघडावे. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असे सांगणारे पत्र 'जणू आमच्याकडून आले' असे समजून घाबरू नका, असे पौल तेथे दुसऱ्या अध्यायात लिहितो; म्हणजे खोट्या नावाने पुढे धाडलेला मजकूर पहिल्या शतकातही फिरत होता. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, काम करायची इच्छा नसणाऱ्याने खाऊही नये हे वचन आहे, आणि ते काम सोडून लुडबुड करीत फिरणाऱ्यांना उद्देशून लिहिलेले आहे. 'त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही' हे येशूचे शब्द मत्तय २४:३६ मध्ये आहेत. जो उपदेशक त्याहून अधिक ठाऊक असल्याचे सांगतो त्याला चहा पाजून निरोप द्यावा, पण त्याच्या हाती मंडळीचे व्यासपीठ देऊ नये. लढाया, भूकंप आणि दुष्काळ यांच्या बातम्यांविषयी येशूने तेथेच सांगून ठेवले आहे की घाबरू नका, हा वेदनांचा आरंभ आहे. ज्या घरात बाळंतपण झाले आहे तेथील बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. कळा सुरू झाल्या म्हणजे मूल येणार हे निश्चित, पण किती वाजता हे सुईणही सांगत नाही.

जागलीवर जाणाऱ्या माणसाला तर जागे राहण्याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला कळतो. हरभरा आणि तूर भरात असताना रोही व रानडुकरे कोणत्या रात्री शिरतील हे माहीत नसते, म्हणून तो रोज जातो, शेकोटी पेटवतो, बॅटरी जवळ ठेवतो, आणि मधून मधून शेजारच्या वावरातल्या जागल्याला हाक मारतो. ही हाक मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मार्काच्या तेराव्या अध्यायात येशू रात्रीचे चार प्रहर मोजतो, संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि सकाळ, आणि 'जागे राहा' हे सर्वांना उद्देशून सांगतो. एकट्याने चार प्रहर जागणे कोणालाच जमत नाही. म्हणून दोन-तीन घरांनी मिळून आठवड्यातून एकदा एकमेकांच्या ओसरीवर बसावे, आणि जो आला नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी चक्कर टाकावी.

आशा आणि जिवाचा कंटाळा यांतला भेद ओळखावा

या भागाविषयी सावधपणे लिहिले पाहिजे. 'प्रभू लवकर येवो' असे म्हणणारा प्रत्येक माणूस आशेनेच बोलत असतो असे नाही. कर्जाचा हप्ता थकलेला, बोंडअळीने कापूस गेलेला, मुलीचे लग्न पुढे ढकललेले, अशा माणसाच्या तोंडी तेच वाक्य 'आता सुटलो तर बरे' या अर्थाने येऊ शकते, आणि विदर्भात राहणाऱ्याने हा भेद ओळखायला शिकलेच पाहिजे. ज्याला आशा आहे तो पुढच्या कामांविषयी बोलतो, रुसतो, भांडतो, दर विचारतो. जो कंटाळला आहे तो बोलणे कमी करतो, जेवण टाळतो, रात्री झोपत नाही, आपल्या वस्तू वाटून टाकू लागतो, किंवा माझ्यावाचून कोणाचे अडणार आहे असे म्हणतो.

अशा माणसाला पुनरागमनावरचे वचन ऐकवू नये. तो ते आपल्या कंटाळ्याला जोडून घेईल. पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया झाडाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करीत नाही. दूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या देतो, तो पुन्हा झोपतो, आणि दूत त्याला पुन्हा एकदा खाऊ घालतो. मंडळीने याच क्रमाने जावे. आधी जेवण न्यावे, मग शेजारी बसावे, रात्री एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवावेत, जीव देण्याचा विचार येतो का हे सरळ शब्दांत विचारावे, कारण विचारल्याने तो विचार वाढत नाही, आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते. हा क्रमांक मंडळीच्या फळ्यावर उपासनेच्या वेळेखाली लिहून ठेवावा. कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेत जायचे असेल तर त्याच्याबरोबर बोलता येणारा एक माणूस जावा. प्रार्थना या सर्वांबरोबर चालू राहावी, त्यांच्याऐवजी नव्हे.

मंडळीने मिळून करावयाचे

प्रभुभोजनाच्या वेळी पाळक करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील शब्द वाचतात, की ही भाकर खाताना व हा प्याला पिताना तुम्ही प्रभू येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करता. 'येईपर्यंत' या शब्दामुळे त्या मेजावर गेलेला आणि येणारा असे दोन्ही काळ एकत्र बसतात. मुलांना हा शब्द विधीच्या आधी दाखवून द्यावा.

नाताळापूर्वीचे चार रविवार हा आगमनकाळ कॅथलिक मंडळ्यांत आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत पाळला जातो, व त्याच्या आरंभीची वाचने बेथलेहेमाविषयी नसून दुसऱ्या येण्याविषयी असतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली, आणि तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. सहा मंडळ्यांनी एकत्र येण्यासाठी हा दिवस योग्यच होता असे मला वाटते. वऱ्हाडातील अलायन्स मिशन या प्रॉटेस्टंट चळवळीच्या परंपरेत आगमनकाळाची प्रथा सहसा नसली तरी त्या परंपरेची मुळे याच आशेत आहेत. त्या चळवळीचे संस्थापक ए. बी. सिम्पसन ख्रिस्ताविषयीची शिकवण तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा अशा चार शब्दांत मांडत असत, आणि मत्तय २४:१४ च्या आधाराने सर्व राष्ट्रांत सुवार्ता पोहोचवण्याचा आग्रह धरत असत. अकोल्याकडच्या जुन्या घरांतील आजोबा-आजींना हे चार शब्द ठाऊक असतात. त्यांच्याकडून ते ऐकून घ्यावेत.

डिसेंबरात वेचणी ऐन भरात असते, त्यामुळे लांब सभा ठेवू नयेत. चार रविवारांना चार घरी जेवणानंतर अर्धा तास पुरतो. पहिल्या रविवारी एक दिवा लावावा, पुढच्या रविवारी दोन, असे करीत चौथ्या रविवारी चार; मेणबत्त्या नसतील तर पणत्या चालतात.

शेजारी विचारतील. आपल्या खेड्यांत ख्रिस्ती घरे दोन-चारच असतात, आणि 'तुमचा प्रभू येणार म्हणता, तो कधी येणार' असा प्रश्न कधी थट्टेने तर कधी खऱ्या उत्सुकतेने येतो. आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व आदराने द्या, असे पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. विचारल्यावर सांगावे, थोडक्यात सांगावे, आणि न्यायाचे भय घालून कोणाला वाकवण्याचा प्रयत्न करू नये. पोळ्याला आपल्या बैलांना मान देणारा शेजारी आपल्या मयतीला खांदा द्यायलाही येतो.

मयत आणि कबरस्तान

पौलाने पुनरागमनाविषयी थेस्सलनीकाकरांना लिहिले ते त्यांच्या मृतांविषयीच्या दुःखामुळे. जे प्रभू येण्याआधीच गेले त्यांचे काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे त्याचे उत्तर होते. शोक करू नका असे तो म्हणत नाही. म्हणून मयताच्या घरी रडणाऱ्या बाईला 'रडू नको, प्रभू येणार आहे' असे सांगून गप्प करू नये. रडून झाल्यावर चौथ्या अध्यायाची शेवटची सहा वचने सावकाश वाचावीत. आपण 'प्रभूमध्ये झोपी गेला' असे म्हणतो ते याच अध्यायातून आले आहे, आणि कबरस्तानासाठीच्या ग्रीक शब्दाचाही अर्थ झोपण्याची जागा असाच आहे.

ख्रिस्ती जुन्या प्रथेप्रमाणे मयताचे पाय पूर्वेकडे ठेवतात, म्हणजे उठताना तोंड सूर्योदयाकडे व्हावे; मनुष्याच्या पुत्राचे येणे पूर्वेकडून निघून पश्चिमेपर्यंत चमकणाऱ्या विजेसारखे होईल, या मत्तयातील शब्दांशी ही प्रथा जोडली जाते. कबर खोदणाऱ्यांना दिशा आधीच दाखवून द्यावी, कारण एकदा खड्डा झाला की घाईत कोणी बदलत नाही. कॅथलिक मंडळी २ नोव्हेंबरला मृतांची आठवण करतात. इतरांनीही दिवाळीच्या सुमारास, गवत वाळू लागल्यावर, एक सकाळ कबरस्तानासाठी राखून ठेवावी. मुलांना सोबत न्यावे, प्रत्येक कबरीवरचे नाव त्यांच्याकडून वाचून घ्यावे, आणि ज्या कबरीवर नाव उरलेले नाही ती कोणाची हे म्हाताऱ्यांना विचारून वहीत टिपून ठेवावे. गवत विळ्यानेच कापावे. काडी लावून पेटवू नये, कारण गरिबांच्या कबरींवरचे क्रूस लाकडाचे असतात.